बूड न उचलता खिंडीपार

मी सीट बोलतेय. सायकलची सीट. नाक मुरडू नका. सायकलीची कहाणी म्हटली की चाकं बोलतात, घंटी बोलते, फार तर हँडल चार शब्द ऐकवतं. सीटला कोण विचारतंय? माणसं आमच्याकडे तोंड करून कधी बसतच नाहीत. पण एक सांगते, माणूस तोंडाने हव्या तेवढ्या थापा मारेल, बुडाने मारू शकत नाही. घाबरला की पुढे सरकतो, दमला की एका अंगाला कलतो आणि खोटं बोलायला लागला की चुळबुळ करतो. हे चाकांना कळत नाही. ती बिचारी जन्मभर गरगरतात.

माझा जन्म देगू शहरातल्या एका लहानशा कारखान्यातला. जाड चामडं, खाली दोन दणकट स्प्रिंगा, मागे ऐसपैस आणि पुढे चोच. मला बसवलं बुसानच्या एका तांदळाच्या दुकानाच्या सायकलवर. दुकान बंदरामागच्या चढावर होतं. पोती कॅरिअरवर आणि मालक माझ्यावर. मालक म्हणजे तिसरं पोतंच. स्प्रिंगा कुरकुरायच्या, पण मी कधी हूं की चूं केलं नाही.

पुढे दुकानाने टेम्पो घेतला आणि सायकल भंगारात गेली. चामडं चांगलं आहे म्हणून सायकल दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला सोडवून घेतलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. किती वर्षं टांगलेली होते ते विचारू नका. समोर नव्या सीटा यायच्या आणि दर वर्षी आणखी बारीक व्हायच्या. शेवटी शेवटी तर अशा आल्या, की त्यांच्यावर बसायचं की त्यांनी भाजी चिरायची तेच कळेना. धुळीने माझा जीव गुदमरायचा. आपलं बसणं-बिसणं संपलं, असं मी धरूनच चालले होते.

आणि एक दिवस माकसुन आली. साठी उलटलेली, ठेंगणी, आवाज खणखणीत. नगरपालिकेच्या फुकट वर्गात नदीकाठी नुकतीच सायकल शिकली होती आणि हौसेने नवी सायकल घेतली होती.

"अहो, ही तुम्ही मला सीट दिलीय की शिक्षा?" ती म्हाताऱ्याला म्हणाली. "दोन दिवस झाले, मला जेवायलाही उभ्यानं बसावं लागतंय."

"उभ्यानं बसता कशा?" म्हातारा म्हणाला.

"तेच तर सांगतेय. काहीतरी करा."

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, मला खिळ्यावरून काढलं, फडक्याने पुसलं आणि त्या चकचकीत सायकलवर चढवलं. नव्या नवरीला आजीचं नाक लावावं तशी मी दिसत असणार. पण माकसुन बसली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झाली आणि म्हणाली, "हां. हिला माणसाची सवय आहे." मला इतका आनंद झाला की दोन्ही स्प्रिंगा एकदमच वाजल्या.

आता तिच्या नावाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच आहे. माकसुन म्हणजे शेवटची. हे नाव काही लाडाने ठेवलेलं नव्हतं. तिच्या बापाला पहिली मुलगी झाली तेव्हा त्याने नाव ठेवलं हुनाम. म्हणजे, मागून मुलगा येवो. मागून आली माकसुन. तेव्हा बापाने देवाला बजावलं, ही शेवटची. देवाने अर्धंच ऐकलं. मुलगी परत आली नाही आणि मुलगाही आला नाही. घरात आली ती सायकल.

बाप त्या सायकलीला रोज पुसायचा. पावसाळ्यात तिला घरात घ्यायचा आणि पोरींना ओसरीवर झोपवायचा. मुलींनी सीटवर बसायचं नाही, शोभत नाही, हा घरचा कायदा. एका दुपारी बाप शेजारच्या गावी लग्नाला गेला तेव्हा हुनामने सायकल काढली. वय चौदा. कधी शिकली देव जाणे, नुसतं बघून शिकली असेल. धाकटीला कॅरिअरवर बसवलं आणि म्हणाली, "घट्ट धर माके, गिंकोच्या झाडापुढे काय आहे ते बघून येऊ." त्या गावात रस्ता एका मोठ्या गिंकोच्या झाडापाशी वळतो आणि पुढचं दिसत नाही. त्या झाडाखालीच लग्नाहून लवकर परतलेला बाप समोर आला. त्याने हँडल धरून सायकल थांबवली आणि हुनामला खाली ओढून अशी थोबाडीत दिली की ती नाल्यात पडली. मग सायकल उचलून तिला कुठे ओरखडा आलाय का ते बघितलं. सायकलला.

हुनाम पुन्हा कधी सायकलवर बसली नाही. लग्न होऊन गावातल्या गावातच पडली, त्या झाडाच्या अलीकडेच. माकसुन बुसानला बुटांच्या कारखान्यात लागली आणि तिकडचीच झाली. हे सगळं मला कुणी सांगितलं? माकसुननेच. ती माझ्यावर बसली की मोठ्याने स्वतःशी बोलत असते. लोक वळून बघतात, तिला पर्वा नसते.

गेल्या वर्षी शरदातल्या मोठ्या सणाला माकसुनने नदीकाठी सायकल उभी केली, माझ्यावर बसूनच ताईला फोन लावला. तिला जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनमधला आवाज सगळ्या घाटाला ऐकू जातो.

"ताई, बाहेर पडलीस का आज?"

"अंगणात गेले होते की."

"फाटकाबाहेर?"

"फाटकाबाहेर माझं काय पुरून ठेवलंय?"

हुनाम त्याआधीच्या हिवाळ्यात बर्फावर घसरून पडली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा बराही झाला. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची काही तक्रार नाही, आता बाईला समजवा. पण बाई काही फाटक ओलांडेना. शेवटी तिचा मुलगा ग्युहान याने ठरवलं की आईचा सत्तरावा वाढदिवस थाटात करायचा आणि मग तिला आपल्याकडे इंचॉनला न्यायचं, पंचविसाव्या मजल्यावर. हुनाम नुसतं 'बरं' म्हणाली. माकसुन घाबरली ती या 'बरं'ला. तिच्या ताईने उभ्या जन्मात कुणाला भांडल्याशिवाय हो म्हटलेलं नव्हतं.

"मी येतेय वाढदिवसाला," माकसुन म्हणाली. "सायकलवर."

फोनमधून हसणं आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं असावं, कारण त्याच्या शेवटी खोकला होता. "बुसानपासून? नदीचा रस्ता सपाट आहे बाई, येशील. मग ईह्वाची खिंड लागेल ना, तिथे भलेभले उतरून ढकलतात."

"मी नाही ढकलणार. बूड उचलणार नाही सीटवरून."

"एक पाऊलही नाही?"

"एकही नाही."

"तशी आलीस तर तुझ्या कॅरिअरवर बसेन. नेशील तिथवर येईन. पण ढकलत आलीस तर गुपचूप जेवायचं, परत जायचं, आणि मला शहाणपण शिकवायचं नाही. वाढदिवसाच्या जेवणाआधी पोच."

फोन ठेवला. आता वाढदिवस म्हणजे तिथीने की तारखेने, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. सगळी गोची झाली ती तिथे.

निघालो आम्ही. काय सांगू, काय सकाळ होती ती. नदीच्या मुखाशी लव्हाळं माणसाच्या वर वाढलेलं, सगळं पांढरं झालेलं आणि वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं. माकसुनने पाठीवर पिशवी घेतली होती आणि कॅरिअरवर मियोकचं भेंडोळं बांधलं होतं. मियोक म्हणजे समुद्रातलं शेवाळ, सुकवलेलं. आमच्याकडे बाळंतिणीला आणि वाढदिवसाला त्याचं सार हवंच, आणि भेट द्यायचं मियोक मोडायचं नसतं, अखंड न्यायचं. त्यामुळे ते काळं लांबलचक प्रकरण मागे हातभर लोंबत होतं. गावोगावची कुत्री आमच्या मागे लागायची. माकसुन त्यांना शिव्या द्यायची आणि मी मनात म्हणायचे, चल बाई, जोरात मार.

भातं कापून झाली होती. पेंढ्याचे पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे शेतात पडले होते. त्यांना आमच्याकडे डायनासोरची अंडी म्हणतात. एका गावात तर रस्ताच दिसेना, सगळीकडे भात वाळत घातलेलं. माकसुनने कडेकडेने जाण्याचा प्रयत्न केला, चाक घसरलं आणि आम्ही सरळ भातात.

"ए बाई," दाताळं घेऊन एक म्हातारी उठली. "तो रस्ता नाही, माझं भात आहे."

"मग रस्त्यावर कशाला घातलंस?"

"मग काय डोक्यावर घालू? ऊन रस्त्यावर आहे." मग तिला मियोक दिसलं. "कुणाचं बाळंतपण?"

"ताईचा सत्तरावा."

"आणि एवढ्या लांब एकटी? नवरा कुठाय?"

"वर गेला."

"सुटलीस. नाहीतर मागून सूचना करत आला असता." असं म्हणून तिने एक पिकलेलं पर्सिमन माकसुनच्या हातावर ठेवलं आणि तिच्याकडूनच विस्कटलेलं भात सारखं करून घेतलं. दोघी खूप हसल्या. माकसुनच्या बोटांना लागलेला तो गोड चिकट रस पुढे दिवसभर माझ्या चोचीला होता.

नदीकाठचा रस्ता पुढे एका जागी नदी सोडून डोंगरात शिरतो. ती बाकजिनची खिंड. लहान आहे, पण सरळ उभी. माकसुन तिला ताजी असताना भिडली आणि अर्ध्यावर उतरली. ढकलायला लागली. रिकाम्या सीटचा अपमान काय असतो ते तुम्हाला नाही कळायचं. बाई माझ्या बाजूने धापा टाकत चाललीय आणि मी वर मोकळी, आभाळाकडे बघत.

तेवढ्यात हिरवं हेल्मेट घातलेला एक तिशीचा गडी खालून सपासप वर आला. अंगाला चिकटलेले कपडे, सायकल अशी हलकी की दोन बोटांनी उचलावी. "आजी, कलबा करा, कलबा!" तो जाता जाता ओरडला. "लाजायचं नाही!"

कलबा म्हणजे सायकल हाताने ओढत चढ चढणं. सायकलवाल्यांनीच काढलेला शब्द. म्हणायला मजा येते, ऐकायला झोंबतो. पण माकसुनला झोंबलं ते दुसरंच.

"आजी कुणाला म्हणतोस रे? मला एक नातवंड नाही. काकू म्हण."

तो थांबला, हेल्मेट काढून कमरेत वाकला. "चुकलं, काकू."

"आता जा. आणि वर जाऊन माझी वाट बघू नकोस."

त्या खिंडीत वरच्या भिंतीवर चढून आलेले लोक दगडाने नावं खरडतात. माकसुनने दगड उचलला, भिंतीपाशी गेली आणि तसाच टाकून दिला. मग माझ्यावर बसून म्हणाली, "ढकलत आलेल्याने काय लिहायचं? आणि ईह्वा हिच्या दुप्पट आहे." तिचं वजन तेव्हा पुढे सरकलेलं होतं. ती घाबरली होती.

पुढचे दिवस मात्र मजेचे गेले. तिला घाई नव्हती. तिथीने हिशेब केला तर हातात चांगले चार दिवस जास्तीचे होते, आणि त्यात ती रोज थोडा थोडा चढ शोधून सराव करत होती. सांगजूला एका घरगुती खानावळीत उतरलो. अंगणाच्या मांडवात सोललेली पर्सिमनं दोऱ्यांना टांगून वाळत होती, इतकी की सगळा मांडव केशरी झाला होता. मला मांडवातच उभं केलं होतं. मालकीणबाई खाली बसून फळं सोलत होती आणि माकसुनही आपली सुरी घेऊन तिच्याशेजारी बसली. संध्याकाळ उतरत होती आणि फोन वाजला. ग्युहानचा.

"मावशी, उद्या दुपारी पोचतेयस ना? कुठली बस?"

"उद्या कशाला? वाढदिवस मंगळवारी आहे."

"तारखेने उद्या आहे."

"माझ्या ताईचा वाढदिवस तिथीने असतो. जन्मापासून."

"मावशी, तिथी मंगळवारी येते. मंगळवारी मला रजा कोण देणार? शनिवारचा हॉल मिळालाय, लोकांना सांगून झालंय. जेवण दुपारी एकला, आणि तिथूनच आईला घेऊन मी पुढे इंचॉनला निघणार. सामान भरलंय."

माकसुनने फोन मांडीवर ठेवला. मालकीणबाईने सगळं ऐकलं होतं. न ऐकून करते काय? म्हणाली, "त्यात काय? सकाळची पहिली बस आहे. सायकल तिच्या पोटात टाका. खिंडीखालून बोगदा आहे, पाच मिनिटांत पलीकडे."

"ताईला काय सांगू?"

"सांगायचं कशाला? बसला काय तोंड आहे?"

माकसुनने हातातलं फळ सोलून संपवलं. साल एकदाही तुटली नाही. मग म्हणाली, "पहाटे निघते मी. न्याहारीला काय देशील?"

"मियोकचं सार आहे."

"ते नको. उद्या परीक्षा आहे." परीक्षेच्या दिवशी आमच्याकडे ते बुळबुळीत सार कुणी तोंडाला लावत नाही. खाल्लं की घसरलाच म्हणून समजा. मालकीणबाईने भात आणि भाजलेला मासा बांधून दिला.

अंधारातच निघालो. नदीवर धुकं होतं, पुढचं चाक दिसत नव्हतं. माकसुन अशी चालवत होती की माझ्या स्प्रिंगांना श्वास घ्यायला सवड नव्हती. मी म्हटलं नाही का, बुडाने खोटं बोलता येत नाही? त्या सकाळी तिच्या बुडात नुसती घाई होती. ऊन आलं तसं धुकं फाटलं आणि सगळीकडे सफरचंदाच्या बागा दिसायला लागल्या. झाडांखाली चंदेरी कागद अंथरले होते, खालून उजेड लागून सफरचंदाचं बूडही लाल व्हावं म्हणून. बुडाची एवढी काळजी घेणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. थांबून चार शब्द बोलावंसं वाटलं, पण थांबतंय कोण.

मग खिंडीचा चढ लागला. डोंगर असा रंगलेला की लाल कुठे संपतं आणि पिवळं कुठे सुरू होतं ते कळू नये. माकसुनने एकदा वर बघितलं आणि नंतर बघितलंच नाही. चाकाच्या पुढच्या हातभर रस्त्याकडे नजर. उभं राहून पेडल मारायला तिला येत नाही, त्यामुळे सगळा चढ ती माझ्यावर बसून होती. वळण आलं, गेलं. दुसरं आलं. मध्येच मागून ओळखीचा आवाज आला.

"अहो काकू, तुम्ही? मी सांगजूला मित्राकडे थांबलो होतो. आणि आज कलबा नाही?"

"बोलू नकोस. श्वास लागतो बोलायला."

हिरवं हेल्मेट हसलं आणि पुढे गेलं. "वर वाट बघतो, काकू."

आणखी वळणं. तिचा घाम माझ्या चामड्यात उतरत होता. "ताई," ती दर पेडलला म्हणत होती. "ताई. ताई." मला वाटलं जिंकलो. वरच्या लोकांची बोलणीसुद्धा ऐकू यायला लागली. आणि शेवटच्या वळणाच्या अलीकडे तिच्या पोटरीत असा गोळा आला की पाय दगड झाला. सायकल कडेला लवंडली आणि माकसुन खाली उतरली.

आजूबाजूला कुणी नव्हतं. ती रडली, अगदी लहान मुलीसारखं नाक ओढत. पोटरी चोळली. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग हँडल धरलं आणि ढकलायला लागली. मी रिकामी. वळण आलं, तशी ती थांबली. दोन्ही बाजूंना बघितलं, डोळे पुसले आणि माझ्यावर चढून बसली. वळणापलीकडे लोक होते ना.

मी बोलणार तरी काय.

खिंडीच्या कमानीखालून आम्ही बाहेर आलो तशा टाळ्या पडल्या. चांगले दहा-बारा सायकलवाले होते, हिरवं हेल्मेट सगळ्यांच्या पुढे. त्याने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की एक काकू येतायत. त्याने फोटो काढला. माकसुन सायकलवर बसलेली, मागे खिंडीचं नाव कोरलेला दगड.

"एकदाही उतरला नाहीत ना, काकू?"

"पाणी आहे का तुझ्याकडे?" माकसुन म्हणाली. आणि माझ्यावर अशी चुळबुळली की मला सगळं कळलं. फोटो त्याने लगेच तिच्या फोनवर पाठवला. पुरावा झाला. आता तिला नुसतं दाखवायचं होतं.

उतार मात्र मी विसरणार नाही. पिवळी पानं तोंडावर येतायत, मागे मियोक फडफडतंय, चाकं गातायत आणि माझी बाई ओरडतेय. भीतीने की आनंदाने, ते तिलाही सांगता आलं नसतं. तांदळाची पोती वाहण्यात आणि खिळ्यावर लटकण्यात माझा जन्म गेला. उतार म्हणजे काय असतो ते मला त्या दिवशी कळलं.

गावात शिरलो. गिंकोचं झाड पिवळंधमक होतं, खाली सगळा रस्ता पिवळा. झाड ओलांडून आम्ही हुनामच्या फाटकाशी आलो. बाहेर व्हॅन चालू करून ठेवलेली. ग्युहान गळ्यातला टाय सैल करत फेऱ्या मारत होता.

"मावशी, एक वाजून गेला. हॉलवरून फोनवर फोन येतायत. आणि ही बघ, फाटकात खुर्ची टाकून बसलीय. माकसुन आल्याशिवाय व्हॅनमध्ये बसणार नाही म्हणते."

हुनाम फाटकाच्या आत खुर्चीवर बसली होती. सणाचा रेशमी हानबोक पोशाख, घोट्यापर्यंत घेर, केसांना तेल. धाकटीपेक्षाही ठेंगणी. तिने आधी बहिणीकडे बघितलंच नाही. आधी सायकलीकडे, मग माझ्याकडे. चांगलं निरखून.

"जुनी आहे ही," ती म्हणाली.

"तुझ्यापेक्षा तरुण आहे," माकसुन म्हणाली. "ताई, आले मी."

"खिंडीवरून?"

"खिंडीवरून. हा बघ फोटो."

हुनामने फोटो लांब धरून बघितला. मग खुर्चीचे हात धरून उठली, घेर मुठीत धरला आणि फाटकाच्या उंबऱ्यापलीकडे एक पाऊल टाकलं. मग दुसरं. ग्युहानचा हात टायवरच राहिला. ऑपरेशन होऊन आल्यापासून ते फाटक तिने ओलांडलं नव्हतं. हुनाम आमच्यापर्यंत आली आणि कॅरिअरवर हात ठेवला.

"हे शेवाळ सोड. बसायचं कुठे मी?"

माकसुन मियोकची दोरी सोडायला लागली. गाठ सुटेना. मला कळत होतं काय चाललंय. नको बोलूस, बाई, मी म्हणत होते. फोटो आहे ना. कुणी बघितलंय? फक्त मी बघितलंय, आणि मी सीट आहे.

"ताई, थांब," माकसुन म्हणाली. "बसू नकोस. मी उतरले होते."

"कुठे?"

"शेवटच्या वळणाच्या अलीकडे. पाय आखडला. ढकलली मी. मग कुणी बघू नये म्हणून परत चढून बसले. फोटो त्याच्यानंतरचा आहे."

ग्युहान म्हणाला, "चला, मग आता व्हॅनमध्ये—"

"तू गप्प बस," हुनाम म्हणाली. मग बहिणीकडे वळली. "म्हणजे तू पैज हरलीस."

"हरले."

"म्हणजे तुझ्या कॅरिअरवर बसायला मी बांधलेली नाही."

"नाहीस, ताई."

"मग सर बाजूला. मी पुढे बसते."

आणि तिने तो रेशमी घेर सरळ कमरेपर्यंत वर खोचला. खाली शेतात घालायची फुलाफुलांची विजार होती. सत्तराव्या वाढदिवसालाही तिने ती सोडली नव्हती. सायकल तिरकी केली, पाय टाकला आणि माझ्यावर बसली.

काय सांगू तुम्हाला. मी किती जणांना घेतलंय अंगावर, पण असं बसणं मी पाहिलं नाही. ती पुढे सरकली नाही. कलली नाही. मधोमध बसली, जशी कुणीतरी जागा धरून ठेवलेली होती. भीती नव्हतीच त्यात.

"आई, खाली उतर," ग्युहान म्हणत होता. "आई, गुडघा."

"गुडघा बरा आहे, डॉक्टर म्हणाला. माके, मागे धर."

माकसुनने कॅरिअर धरलं. आखडलेल्या पोटरीने, खिंड चढून आलेली बाई पळायला लागली. सायकल डगमगली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग सरळ झाली. रस्त्याला थोडा उतार होता. गिंकोचं झाड जवळ आलं. पानं चाकाखाली आली. त्या झाडाखाली हुनामने एकदाच श्वास रोखला, मला कळलं ते, आणि मग आम्ही झाड ओलांडून वळलो. मागे माकसुनचा हात केव्हाच सुटला होता.

वळणापलीकडे काय होतं म्हणाल तर कोबीचं शेत. नुसता कोबी, हिरवागार, डोंगराच्या पायथ्यापर्यंत.

"ताई, ब्रेक," मागून माकसुन ओरडत होती. "ब्रेक दाब, ताई."

"कसा दाबू?" हुनाम ओरडली. ती हसत होती, तिचं सगळं अंग माझ्यावर हसत होतं. "मला थांबायचं येतच नाही, माके. गेल्या वेळी बाबांनी थांबवलं होतं."

आम्ही कोबीत जाऊन थांबलो.

हॉलमधलं जेवण थंड झालं, पण लोकांनी खाल्लं. सगळ्यांच्या देखत हुनामने मुलाला विचारलं, "तुझ्या पंचविसाव्या मजल्यावर उतार आहे का रे?" व्हॅन त्याने एकट्यानेच परत नेली, सामान उतरवून. मंगळवारी, तिथीने, दोघी बहिणींनी त्या अखंड मियोकचं सार केलं आणि दोन-दोन वाट्या प्यायल्या. बुधवारी माकसुन बसने बुसानला गेली. जाताना माझ्यावर थाप मारून म्हणाली, "हिला सांभाळ. हिला सगळं माहीत आहे." कुणाला म्हणाली ते कळलं नाही, आम्ही दोघीही तिथेच होतो.

मी आता इथेच असते, गोठ्याच्या छपराखाली. डोक्यावर मुळ्याचा पाला वाळत घातलेला असतो. चामड्याला एक चीर गेलीय आणि डाव्या अंगाला कोबीच्या मातीचा डाग आहे, तो मी कुणाला पुसू देत नाही. तुमच्याही घरी कुठे अडगळीत एखादी सीट पडली असेल. तिच्यावरची धूळ झटका, पण भंगारात द्यायच्या आधी एवढं करा. घरात कुणाचं बसायचं राहून गेलंय का, ते विचारा. न लाजता विचारा. लोक आपणहून सांगत नाहीत.

बरं, निरोप घेते. फाटक वाजलं. आमची बाई बाजाराला निघालीय. तुम्ही जरा रस्त्याच्या कडेला व्हा, ब्रेक तिला अजूनही फारसा आवडत नाही.